गाडीचं दावं

वालचंदनगर,
७ फेब्रुवारी १९५५

ती. तात्यामामांना,

मानसिंगचा वाकून नमस्कार. तीन वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितोय ती कामासाठी. म्हणून आधी कान धरतो आणि मग पुढं सांगतो. सारजाच्या दिवसांना तुम्ही आला होता, त्यानंतर आपली गाठ नाही. भाची गेली, आता भाचजावई कोण कुणाचा, असं तुम्हाला वाटलं असेल तर चूक माझीच आहे.

मामा, मला एक मोटार घ्यायची आहे. हसू नका. वर्कशॉपात सगळे हसून झाले आहेत.

कारण सांगतो. कौशी आता सहा वर्षांची झाली. सारजा गेली तेव्हा तिला वरकुट्याला आजीकडं, म्हणजे तुमच्या बहिणीकडं, धोंडाक्कांकडं ठेवली. फिटरच्या पाळ्या सांभाळून एवढंसं पोर मी कुणाच्या भरवशावर ठेवणार होतो? पहिले काही महिने दर रविवारी सायकलनं जात होतो. मग गुडघा कामातून गेला. आता दीड-दोन महिन्यांतून एकदा जाणं होतं, कुणाच्या ट्रकनं, कुणाच्या बैलगाडीनं. एस. टी. त्या बाजूला आत जात नाही. गेल्या खेपेला मी अंगणात पाऊल टाकलं तर पोरगी आत पळाली आणि ओरडली, "आज्जे, पाव्हणं आल्यात!"

अक्का तोंडावर बोलल्या, "जूनला शाळा हाय. तवर दर ऐतवारी येत जावा, पोरीला तुमची सवय लागू द्या, मग खुशाल घिऊन जावा. वढून न्याल तर मी देणार न्हाय. तुमास्नी न्हाय जमलं तर हितंच शाळंत घालते. मग पुन्यांदा इषय काढायचा न्हाय." मला राग आला नाही. त्यांचं खरंच आहे.

म्हणजे जूनपर्यंत पोर माझी झाली तर झाली. माझ्याजवळ साठवलेले आठशे रुपये आहेत. त्यात बसेल अशी गाडी पाहिजे. ओढ्यातून आणि चाकोरीतून जाईल इतकं पोट उंच हवं, पेट्रोल कमी प्यायला हवी, आणि मोडली तर तुकडा माझा मला कानशीनं घासून बनवता यावा. आणि एक, दिसायला जरा मौजेची हवी. लहान पोराला आत बसावंसं वाटलं पाहिजे.

बारामतीत एका ठेकेदाराकडं लष्कराच्या डिस्पोजलची जीप आहे आणि एका डॉक्टरांची काळी मोटार आहे, दोन्ही विकायच्या आहेत असं कळलं. कारखान्यात उसाचं गळीत चालू असल्यानं एप्रिलपर्यंत मला रजा नाही. तुम्ही बारामतीला बाजाराला जाता. बैल घ्यायचा तर अर्धा तालुका तुम्हाला बरोबर नेतो. तेवढं माझ्यासाठी बघाल का?

तुमचा,
मानसिंग

•

कन्हेरी,
१७ फेब्रुवारी १९५५

जावईबापू मानसिंगराव यांना तात्याबाचा आशीर्वाद.

पत्र वाचून पहिल्यांदा राग आला. मग पुन्हा वाचलं आणि तो गेला. पोरगी तुम्हाला पाहुणा म्हणाली तिथं माझंही मन थांबलं.

जीप बघितली. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा बैल बघतो तशी बघितली. आधी लांबून. छाती रुंद, उभी राहते चौरस, पण पुढचा डावा पाय जरा बाहेर टाकते. मग जवळ गेलो. ठेकेदार म्हणाला, "बघा तात्या, एका हाकेला उठती." आणि खरंच, बटण दाबल्याबरोबर उठली. पाच-सात माणसं जमली होती, सगळी वा वा करायला लागली.

मी तिच्या नाकाडावर हात ठेवला. तापलेलं होतं. आता तुम्हाला आमच्या बाजारातली गोष्ट सांगतो. लंगडा बैल विकायला आणायचा तर त्याला पहाटे दोन कोस पळवून आणतात. अंग तापलं की लंगडणं लपतं. घेणारा घरी नेऊन बांधतो आणि दुसऱ्या दिवशी कपाळाला हात लावतो. म्हणून मी ठेकेदाराला म्हणालो, "आज दिवस बरा न्हाय, उद्या सकाळी उन्हं पडायच्या आत येतो." त्या दिवशी बारामतीतच ओळखीच्याकडं मुक्काम केला आणि सकाळी न सांगता जाऊन उभा राहिलो. गार जीप. अर्धा तास खोकली, निळा धूर ओकली, पण उठली नाही. खाली बघितलं तर मातीवर तेलाचं थारोळं आणि त्यावर घाईनं टाकलेली राख.

ठेकेदार म्हणाला, "म्हाताऱ्या, तू मोटारीतला कवापासून झालास?" मी म्हणालो, "मी बैलातलाच हाय, पर लबाडी दोन्हीकडं येकच हाय." जीप सोडा.

डॉक्टर परगावी गेले आहेत. आले की बघतो. आमच्याकडं सगळं ठीक. वांगी बरी लागली. पोरगा कुंडलिक मुंबईला असतो, मजेत आहे, त्याची पत्रं येत असतात.

तात्याबा

•

वालचंदनगर,
२५ फेब्रुवारी १९५५

ती. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचून दाखवलं. आमचा मुकादम वीस वर्षं इंजिनं उघडतोय, तो म्हणाला, "गार इंजिन बघायला पाहिजे हे मी पोरांना शिकवून थकलो, आणि हा माणूस बैलावरनं शिकलाय." त्या दिवशी वर्कशॉपात तुमचा फार भाव वाढला.

मला मात्र घरी आल्यावर ते पत्र पुन्हा वाचावंसं वाटलं. मामा, इथं क्वार्टरला दोन खोल्या आहेत, मी एकच वापरतो. दुसरीत सारजाची ट्रंक आहे आणि कौशीसाठी तीन वर्षांमागं घेतलेली लाकडी ढकलगाडी. भोंगा झाला की सगळ्या चाळीतून बाप बाहेर पडतात आणि पोरं त्यांच्या मागं फाटकापर्यंत पळतात. मी जरा मागून निघतो. कुणी वाईट वागत नाही, शेजारच्या बाई भाजीची वाटी पाठवतात. पण पाठवायला त्यांच्याही लक्षात राहायला लागतं ना.

कुंडलिकराव मुंबईत कुठं असतात? मोटारीचं त्यांना कळत असेल. लग्नात भेटले तेव्हा लष्करातल्या गाड्यांच्याच गप्पा मारत होते. पत्ता कळवा, त्यांना विचारतो.

डॉक्टरांची गाडी जरूर बघा. दिवस पळताहेत.

मानसिंग

•

कन्हेरी,
२० मार्च १९५५

जावईबापूंना आशीर्वाद.

डॉक्टर आले. माणूस सरळ. त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं, कुठं काय बदललं, कुठं काय कुरकुरतं. गाडीही चांगली. गादी अशी की बसल्यावर उठावंसं वाटत नाही. पण पोट गाभण म्हशीसारखं खाली. मी डॉक्टरांच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत चालवून बघायला सांगितली, तर तेवढ्यातच दोनदा दगडाला घासली. तुमच्या वरकुट्याच्या वाटेला ती दुसऱ्या ओढ्यातच बसेल. मी नको म्हणालो. डॉक्टरांनाही ते पटलं, चहा पाजला.

आता एक सांगायचं आहे. हे पहिल्याच पत्रात सांगायला पाहिजे होतं. माझ्याच दारात एक मोटार आहे.

लिंबाच्या झाडाखाली उभी आहे, साडेचार वर्षं. कुंडलिकनं पुण्याहून आणली होती. सन छत्तीसची, लहानखुरी, वर कापडाचा टप, चाकं सायकलसारखी काड्यांची आणि बाजूला रबराचा भोंपू. पोट उंच आहे. तो ती शेताच्या बांधावरून न्यायचा. तुम्ही लिहिलं होतं, मौजेची पाहिजे. गावातली सगळी पोरं तो भोंपू दाबायला यायची. मी दगड मारून हाकलायचो.

लष्करातून आल्यावर त्याच्या डोक्यात टॅक्सी होती, बारामती ते फलटण. मी नको म्हणालो. एकदा मी पाहुण्यांकडं गेलो असताना त्यानं माझी खिलार जोडी विकली आणि हे घेऊन आला. मी त्याच्याशी बोलणं सोडलं. त्यानं एक पावसाळा धंदा केला, नंतर मुंबईला गेला. असो. तो मागंच म्हणाला होता, विकून टाका. माझाच हात धजत नव्हता. तुम्ही येऊन बघा. घरातल्या माणसाला मी चांगली-वाईट काही सांगत नाही. तुम्हीच गार असताना हात लावून बघा.

तात्याबा

•

वालचंदनगर,
२ मे १९५५

ती. मामांना नमस्कार.

गळीत संपलं आणि दोन रविवार तुमच्या दारात काढले. दोन्ही वेळा पाहुणचार झाला, पण तुमच्याशी बोलणं झालं नाही. मी गाडीखाली असायचो आणि तुम्ही लांब विहिरीच्या कठड्यावर पाठ करून बसलेले.

गाडी मला पाहिजे. ही अशी सरळ सांगणारी गाडी मी बघितली नाही. बिघडलेलं काही नाही, नुसती उभी राहून आखडली आहे. गादीत उंदरांनी संसार मांडला होता, तो हलवला. पहिल्या रविवारी प्लग काढून आत रॉकेल ओतून ठेवलं, काल गिअरमध्ये टाकून तुमच्या गावातल्या गेणबानं आणि चौघांनी मागंपुढं ढकलली, तेव्हा पिस्टन सुटले. आवाज आला तेव्हा गेणबा शेजारी नाचला. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही उठून मळ्याकडं निघाला होता.

आता एकच अडचण. पुढून फिरवायचं हँडल सापडत नाही. मी नेलेली बॅटरी म्हातारी आहे, तिच्यात ठिणगीपुरता जीव आहे, पण इंजिन फिरवायची ताकद नाही. गाडी आणि टायर-ट्यूब घेतल्यावर नवी घेण्याइतके पैसे उरणार नाहीत. हँडल असलं की बॅटरीवाचून अडत नाही, नाहीतर दर वेळी उताराची जागा आणि चार माणसं शोधावी लागतील. सीटखाली, माळ्यावर, कुठं असेल तर बघा. कुंडलिकरावांना पत्र टाकून विचारा, नाहीतर पत्ता द्या, मी विचारतो.

गेल्या तीन महिन्यांत मी वरकुट्याला दोनदाच जाऊ शकलो. कौशी आता पळून जात नाही. दाराआडून बघते. मी गाडीचं सांगितलं तर आतूनच विचारलं, "भोंपू हाय का?"

मानसिंग

•

कन्हेरी,
९ मे १९५५

जावईबापूंना आशीर्वाद.

हँडल सापडलं नाही. कुंडलिकनं नेलं असेल. त्याची खोली सारखी बदलते, पत्ता आत्ता हाताशी नाही.

रविवारी या आणि गाडी घेऊन जा. आमच्या दारापासून रस्त्यापर्यंत उतार आहे, गेणबाला सांगून ठेवतो. सहाशे द्या. जास्त देऊ नका, मी घेणार नाही.

तात्याबा

•

वालचंदनगर,
२४ मे १९५५

तात्यामामांना,

नमस्कार लिहायचीही इच्छा नाही, पण वडील माणूस म्हणून लिहितो.

परवा रविवारी गाडी घेऊन वरकुट्याला गेलो. सकाळी चाळीतल्या लोकांनी ढकलून चालू केली होती. वाटेत कुठंही इंजिन बंद पडू दिलं नाही, अक्कांच्या दारातही घुरघुरतच ठेवली. कौशी बाहेर आली. आधी भोंपू दाबला. मग पायरीवर पाय दिला, मग आत बसली. मामा, दोन वर्षांत ती पहिल्यांदा माझ्या शेजारी बसली. अक्का म्हणाल्या, "घिऊन जावा दोन दिस, बघू ऱ्हाती का." तिनं स्वतः आपलं गाठोडं आणलं.

दीड मैलावरच्या ओढ्यात वाळूत चाक रुतलं आणि इंजिन बंद पडलं. दोन्हीकडं चढ. मी एकटा, गुडघा असा. दाबून दाबून बॅटरी मेली. हँडल असतं तर चार फेऱ्यांचं काम होतं. मे महिन्याचं ऊन, पाणी संपलेलं. पोर रडायला लागली. मी जवळ घ्यायला गेलो तर अंग चोरलं. दोन तासांनी वरकुट्याची एक बैलगाडी आली. ती उतरून पळत तिकडं गेली आणि वर चढून म्हणाली, "मला आज्जीकडं न्या. मला न्हाय जायाचं ह्या पाव्हण्यासंगं." तिचं गाठोडं गाडीतच राहिलं. ते आता माझ्यासमोर आहे.

अक्कांचा निरोप आला आहे, शाळा उघडली की नाव तिथंच घालणार.

हे सगळं माझं नशीब म्हणून गप्प बसलो असतो. पण काल गेणबा इथं लेकीकडं आला होता, तो सहज भेटायला आला. मी हँडलचं रडगाणं सांगितलं तर म्हणाला, "हँडल? तात्याबाच्या गोठ्यात खुंटीला हाय की! रोज पुसत्यात. तुमास्नी दिलं न्हाय व्हय?"

मला जोडे मारून सांगा मामा, का? गाडी दिली आणि तेवढं लोखंड ठेवून घेतलं? ठेकेदार निदान परका होता.

मानसिंग

•

कन्हेरी,
३० मे १९५५

मानसिंगराव,

जोडे मारायचे तर तुम्हीच मला मारा. हँडल माझ्याकडं आहे. मी खोटं बोललो.

तुम्ही कारखान्यातले, तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. आम्ही जनावर विकतो तेव्हा दावं देत नाही. घेणारा आपलं दावं घेऊन येतो, ते बैलाच्या गळ्यात घालतो, आणि आमचं आम्ही सोडून घरी ठेवतो. दावं दिलं तर दावण रिकामी होते, गोठ्यात पुन्हा जनावर टिकत नाही, असं माझ्या आज्यापासून चालत आलं. कुंडलिकनं माझी जोडी विकली तेव्हासुद्धा दावी घरी ठेवली होती. माझ्याशी भांडून सगळं केलं पोरानं, पण तेवढं पाळलं. ती दोन दावी खुंटीला आहेत आणि त्यांच्या शेजारी हे हँडल. जायच्या आदल्या दिवशी त्यानंच तिथं अडकवलं होतं. त्याच्या मुठीनं ते एका जागी गुळगुळीत झालं आहे.

गाडी द्यायला माझी ना नव्हती. पोरीसाठी चालली होती. पण ते काढायला हात गेला आणि वाटलं, हे दिलं की आता तो यायचा नाही.

त्याची पत्रं येतात म्हणून लिहिलं ते खोटं. साडेचार वर्षांत एक पत्र नाही. मुंबईला आहे हे सुद्धा मी आपलं म्हणतो, त्यानं तिकीट कुठलं काढलं ते मला ठाऊक नाही. गाडी विकायला तो म्हणाला नव्हता. बारामतीला बाजाराला जातो असं तुम्ही लिहिलंत. माल नसला तरी जातो. स्टँडवर शेवटची एस. टी. रिकामी होईपर्यंत उभा राहतो आणि मग चालत घरी येतो.

मला वाटलं, तुम्ही फिटर आहात, चार दिवसांत नवं कराल. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं असतं, हे मी धरून चाललो. तोंडानं सांगितलं असतं तर पोर उन्हात बसली नसती. ते पाप माझ्या माथी.

हँडल खुंटीला आहे. येऊन घेऊन जा. मी काढून देणार नाही, तुमच्या हातानं काढा. मी तेवढा वेळ मळ्यात जाऊन बसेन.

तात्याबा

•

वालचंदनगर,
१४ जून १९५५

ती. मामांना, मानसिंगचा साष्टांग नमस्कार. मागच्या पत्राला तो नव्हता, म्हणून आज दोन धरा.

तुमचं पत्र आलं आणि मी आठ दिवस काही लिहू शकलो नाही. रागानं नाही. सारजाची ट्रंक मी तीन वर्षं उघडली नाही, ती का, हे मला त्या दिवशी कळलं. आणि चूक माझीही आहे. हँडल करायला मला चार दिवसही लागले नसते. पुढच्या आठवड्यात करू, पुढच्या आठवड्यात करू, असं म्हणत राहिलो. फिटरच्या घरचं काम नेहमी शेवटी.

साहेबांची परवानगी काढून सुट्टीनंतर भट्टीवर एक सळई तापवली, दोन ठिकाणी वाकवली, टोकाला खाच पाडली. मुठीला लाकूड बसवलं. आपलं दावं तयार केलं म्हणा ना.

परवा रविवारी वरकुट्याला गेलो. मनात होतं, तिचं गाठोडं द्यायचं, अक्कांना सांगायचं की नाव खुशाल तिथं घाला, आणि दर रविवारी येत राहायचं. पोर तिथं सुखात आहे, मी बाप आहे म्हणून तिला दोनदा उपटायची का? कौशी दाराशी उभी होती. मी गाडी बंद केली. तिनं विचारलं, "आता कशी हुईल सुरू?" मी हँडल दाखवलं. एकदा फिरवून चालू केली, पुन्हा बंद केली. तुमची दाव्याची गोष्ट तिला सांगितली, हे गाडीचं दावं आहे, ते ज्याच्या हातात त्याच्याशिवाय गाडी हलत नाही. तिनं मागितलं, मी दिलं. दिवसभर घेऊन फिरत होती, जेवतानाही मांडीवर. मी गोठ्याचं दार दुरुस्त केलं, अक्कांच्या पाट्याला टाकी लावून आणली. ती लांबून बघत होती.

दिवस कलला तसा निघायला उठलो तर हँडल नाही. सीटखाली नाही, अंगणात नाही, चुलीमागं नाही. अक्का म्हणाल्या, "मला इचारू नका, तिला इचारा." कौशी कणगीला टेकून उभी, हात पाठीमागं.

म्हणालो, "पोरी, उशीर होतोय. दे की."

म्हणाली, "न्हाय देणार. दिलं की तुमी जाताय."

मामा, मी तिथंच जमिनीवर बसलो. अक्का पदर तोंडाला लावून आत गेल्या.

सोमवारची पाळी बुडवली. पगार कापतील, कापू देत. राहिलो. सकाळी उठलो तर ती गाडीत बसलेली होती, मांडीवर हँडल, मागं गाठोडं. मला म्हणाली, "आता चला." अक्कांनी दोन्ही हातांनी तिच्या गालावरून बोटं फिरवली, तिच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि मग मला म्हणाल्या, "ऐतवारी आणा हिला. मी बी एकलीच हाय." 

आज शाळेत नाव घातलं. दुसरी खोली उघडली. सकाळी भोंगा झाला तेव्हा फाटकापर्यंत माझ्या मागं कुणीतरी पळत आलं.

तुमच्या खुंटीवरचं मी काढायला येणार नाही. ते तिथंच राहू द्या.

मानसिंग

•

कन्हेरी,
१८ जून १९५५

जावईबापूंना आणि चि. कौसल्येला तात्याबाचा आशीर्वाद.

पत्र गेणबाकडून वाचून घेतलं. मला येतं वाचता, पण निम्म्यावर अक्षरं दिसेनात.

एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, ती लिहितो. कुंडलिक गेला त्या सकाळी मी जागा होतो. त्यानं ट्रंक उचलली, अंगणात थांबला, गाडीच्या टपावरून हात फिरवला, मग दाराकडं बघत किती तरी वेळ उभा होता. मी वाकळ डोक्यावरून घेऊन पडून राहिलो. म्हटलं, आधी तो बोलू दे. नुसतं "कुठं निघालास" एवढं म्हणालो असतो तरी तो ट्रंक खाली ठेवणार होता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. सहा वर्षांच्या पोरीला जे सुचलं ते मला साठाव्या वर्षी सुचलं नाही. जाणाऱ्याच्या वाटेत तो जायच्या आधी उभं राहायचं असतं. मी तो गेल्यावर हँडल पुसत बसलो.

पोरीला त्याबद्दल कधी रागावू नका.

रविवारी तिला घेऊन इकडं या. वाटेत वरकुट्याला थांबून अक्काला मागच्या सीटवर घाला. तिला माहेरी आणून आठ वर्षं झाली, मीच मुऱ्हाळी होऊन न्यायला गेलो नाही. लिंबाखालची जागा मी झाडून ठेवली आहे, गाडी तिथंच लावा. तिथं गवत उगवायला लागलं होतं, ते मला बघवत नव्हतं. भोंपू कितीही वाजवू दे. मी स्टँडवर जाणार नाही त्या दिवशी, घरीच आहे.

पण येताना जपून या, बरं का. तुमचं हँडल तिच्या हातात असेल. ती दमून झोपली की ते मी घेऊन खुंटीला लावणार आहे, माझ्या हँडलच्या शेजारी. मग निघायचं म्हणालात तर आम्हा दोघांकडं मागावं लागेल, आणि मी काही इतक्या लवकर देणार नाही.

तात्याबा